पाण्याचे जुने एटीएम विकत घेताना



नाणे टाकले की वीस लिटर पाणी देणारे यंत्र आता आपल्या खानदेशात नवलाईचे राहिलेले नाही. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, साक्री अशा तालुक्यांत हिंडताना ग्रामपंचायतीशेजारी किंवा बसथांब्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत ते उभे दिसते. लोक त्याला पाण्याचे एटीएम म्हणतात. अशी जी यंत्रे बसली, त्यांतली काही बंदही पडली. कुठे नळाला बरे पाणी आले, कुठे जारवाला घरपोच पाणी देऊ लागला, तर कुठे चालवणाराच कंटाळला. ही बंद यंत्रे मग विकायला निघतात. कपाशीचे किंवा केळीचे चार पैसे हातात आलेला एखादा तरुण, नाहीतर एखादा महिला बचत गट म्हणतो, "नवे परवडत नाही, जुने घेऊ आणि धंदा सुरू करू." विचार वाईट नाही. पण बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, नांगराला जुंपून बघतो. आणि इथे मात्र चकचकीत पत्रा बघून लाख रुपये मोजतो. तसे होऊ नये म्हणून आजचे हे भाषण.

कल्पना तशी फार जुनी आहे, बरं का. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या यंत्रज्ञाने देवळातल्या पवित्र पाण्यासाठी असेच यंत्र वर्णिले आहे. नाणे तरफेवर पडायचे, झडप उघडायची आणि नाणे घसरले की पाणी बंद. आपल्या यंत्राची नाण्याची पेटी हेच काम विजेवर करते. खरा खर्च त्या पेटीच्या मागे आहे. तिथे वाळूची टाकी, कोळशाची टाकी, जोराचा पंप आणि मेम्ब्रेनच्या नळकांड्या असतात. मेम्ब्रेन म्हणजे अतिशय बारीक छिद्रांचा पडदा. पंप पाण्याला त्यावर दाबतो, गोडे पाणी पलीकडे जाते आणि क्षार घेऊन उरलेले पाणी बाहेर टाकले जाते. हा पडदा चांगला असेल तर यंत्र चांगले. तो गेला असेल तर उरतो तो भंगाराचा सांगाडा.

यंत्र बघायला जाण्याआधी आपले पाणी तपासून घ्यावे. ज्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरणार, त्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्यावा. नमुना उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा द्यावा, कारण दोन्हींत फरक पडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट मात्र ४५ च्या वर चालत नाही. खते आणि शेणखताचे उकिरडे जवळ असलेल्या विहिरींत हे नायट्रेट सापडते आणि ते चवीला कळत नाही. आता समजा, तुमच्या पाण्याचे क्षार ४०० आले आणि बाकी सारे ठीक आहे. मग तुम्हाला मेम्ब्रेनचे यंत्र लागतच नाही. गाळणी आणि निर्जंतुकीकरण पुरते, आणि तेवढ्यासाठी लाखाचे यंत्र आणणे म्हणजे वरण ढवळायला फावडे घेणे. उलट क्षार २००० च्या पुढे असतील, तर कमी क्षारांच्या पाण्यासाठी बसवलेले जुने यंत्र तुमच्याकडे तेवढे काम करणार नाही. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच करावा: "भाऊ, हे चालत होते ते कुठल्या पाण्यावर?"

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. गावात सध्या जार किती येतात ते आठ दिवस बसून मोजावे. वैशाखात मोजून भागत नाही. वैशाखात खानदेशात कोणीही पाणी विकेल. श्रावणात कोण घेतो ते बघावे.

हिशेब असा धरून पाहू. उन्हाळ्याचे चार महिने रोज ८० जार, पावसाळ्याचे चार महिने ३० आणि हिवाळ्याचे चार महिने ५०. वर्षाचे झाले १९,२०० जार. पाच रुपयांप्रमाणे ९६,००० रुपये. त्यातून जारमागे रुपयाभर वीज धरा, म्हणजे १९,२०० गेले. गाळण्या, औषध आणि साफसफाई महिन्याला ८०० प्रमाणे ९,६०० गेले. मेम्ब्रेन आणि पंपासाठी दरसाल १८,००० बाजूला ठेवावेच लागतात, कारण मेम्ब्रेन नीट सांभाळली तरी साधारण दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. हाती राहिले ४९,२००. यंत्र, टाकी, खोली आणि जोडणी मिळून १,८०,००० घातले असतील, तर ते फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त काळ जातो. यात तुमची मजुरी नाही आणि कर्जाचे व्याजही नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे आकडे त्यांच्या जागी घालून बघावेत. जारची संख्या निम्मी झाली की काय होते, तेही एकदा कागदावर मांडावे. घरात तेवढा धीर असेल तरच पुढे जावे.

आता प्रत्यक्ष यंत्र बघायला जाऊ. बंद यंत्र घेऊ नये. "लाईट नाही, पण चालू आहे" असे कोणी म्हटले तर लाईट येईपर्यंत चहा घ्यावा, पण चालवून बघितल्याशिवाय इसार देऊ नये. सोबत तीन वस्तू न्याव्यात: वीस लिटरचा जार, घड्याळ आणि टीडीएस मीटर. हे मीटर काही शे रुपयांना मिळते. ताशी ५०० लिटरचे म्हणून विकत असतील, तर वीस लिटरचा जार सुमारे २ मिनिटे २४ सेकंदांत भरला पाहिजे. मात्र नाण्याच्या नळावर मोजू नये. तिथे टाकीत साठवलेले पाणी येते आणि ते केव्हाही जोरातच येते. मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या नळीखाली जार धरावा. चार मिनिटे लागली, तर ते ताशी ३०० चेच यंत्र समजून भाव करावा.

मग क्षार मोजावेत, आत जाणाऱ्या पाण्याचे आणि बाहेर येणाऱ्याचेही. इथे एक खुबी आहे. चवीसाठी शुद्ध पाण्यात थोडे कच्चे पाणी मिसळण्याचा एक कॉक बहुतेक यंत्रांना असतो. तो पूर्ण बंद करायला लावावा आणि पाच-दहा मिनिटे यंत्र चालू देऊन मगच मोजावे. आत १००० असेल आणि बाहेर ५० च्या आसपास येत असेल, तर पडदा शाबूत आहे. बाहेर २०० येत असेल तर पडदा गेला. नव्या मेम्ब्रेनचा भाव जळगावच्या दुकानात आधीच विचारून ठेवावा आणि तेवढी रक्कम किमतीतून सरळ वजा मागावी. यंत्र महिनोन्महिने बंद होते असे कळले आणि नळकांडी उघडल्यावर कुबट वास आला, तर मीटर काय दाखवतो ते बघूसुद्धा नये. मेम्ब्रेनची किंमत शून्य धरावी.

स्टील बघताना खिशातून लोहचुंबक काढणारे जाणकार भेटतात. चुंबक चिकटला नाही म्हणून ते ३०४ जातीचेच चांगले स्टील, असे होत नाही. हलक्या जातीचे काही स्टीलही चुंबकाला दाद देत नाही. त्यापेक्षा सांधे बघावेत, टाकीचा तळ हात घालून बघावा. उन्हात उभ्या असलेल्या फायबरच्या टाक्यांना बारीक तडे असतात, तेही बघावेत.

नाण्याच्या पेटीकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात, आणि पुढची कटकट तिथूनच निघते. २०१९ मध्ये सरकारने नाण्यांची नवी मालिका काढली आणि त्यात नाण्यांची मापे बदलली. त्याआधीची पेटी नवीन नाणे परत टाकते. गिऱ्हाईक दोनदा प्रयत्न करते आणि तिसऱ्यांदा जारवाल्याकडे जाते. म्हणून जुनी आणि नवी, पाचाची आणि दहाची अशी सगळी नाणी सोबत नेऊन टाकून बघावीत. दहाचे नाणे चालत नाही ही आवई आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या नमुन्यांची दहाची नाणी चलनात असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. यंत्र कार्डावर चालणारे असेल, तर मुख्य कार्ड आणि परवलीचा शब्द ताब्यात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि मोबाईलवरून पैसे घेणारा चौकोन त्यावर चिकटवलेला असेल, तर तो कोणाच्या खात्याला जोडला आहे ते एक रुपया पाठवून बघावे. नाहीतर पाणी तुमचे आणि पैसा जुन्या मालकाचा.

कागदाची बाब सगळ्यांत नाजूक आहे. यातली अनेक यंत्रे ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा सरकारी योजनेतून बसलेली आहेत. असे यंत्र गावातला कोणी पुढारी परस्पर विकू शकत नाही. ठराव, रीतसर लिलाव आणि पावती हवीच. खासगी यंत्र असेल तर मूळ बिल मागावे, त्यावर बँकेचे कर्ज नसल्याची खात्री करावी आणि यंत्राचा क्रमांक घालून विक्रीचा कागद करावा. स्वस्त मिळाले म्हणून बिनकागदाचे यंत्र आणले आणि चार महिन्यांनी पंचायतीची नोटीस आली, तर यंत्रही जाते आणि गावात नावही जाते.

शेतीपंपाच्या विजेवर हा धंदा चालवू नये. तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होते. महावितरणकडून व्यवसायाचे वेगळे मीटर घ्यावे. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात नोंदणीचीही चौकशी करावी. बंद जारवर नाव छापून विकायचे असेल, तर त्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत, हे तिथेच विचारून घ्यावे.

राहिले टाकाऊ पाणी. जितके गोडे पाणी निघते, साधारण तितकेच किंवा त्याहून जास्त खारे पाणी बाहेर पडते. रोज ५० जार विकले तर हजार लिटर झाले. केळीला थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे गटारात सोडणे शोभत नाही. रावेर-यावलकडे तर पाणी किती खोल गेले ते तिकडच्या मंडळींना सांगायला नको. पण हे पाणी केळीला सोडू नये, केळीला क्षार सोसत नाहीत. विहीर पुनर्भरणातही घालू नये. गोठा धुणे, गाड्या धुणे, संडासला वापरणे यासाठी वेगळी टाकी बांधावी. ही टाकी खर्चाच्या यादीत पहिल्याच दिवशी धरावी.

यंत्र आणताना मेम्ब्रेन ओली ठेवून तोंडे बंद करून आणावी, टेम्पोत उन्हात पडू देऊ नये. बसवल्यावर वाळू आणि कोळसा नवा भरावा. पहिले दोन तास निघेल ते पाणी टाकून द्यावे, मग नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवाल हाती आल्यावरच नळ लोकांसाठी उघडावा. त्या अहवालाची प्रत भावाच्या फळ्याशेजारी लावावी, म्हणजे नाणे टाकणाऱ्याला आपण काय पितो ते वाचता येईल.