विरजणाचा न्याय : कुत्र्या-मांजरांसाठी प्रोबायोटिक पूरके
(भाषणाचा मजकूर)



दूध विरजणे ही घराघरांतील नित्याची गोष्ट आहे. रात्री दूध कोमट असताना त्यात चमचाभर दही घालावे, भांडे झाकून ठेवावे आणि सकाळी घट्ट दही हाती यावे. दूध उकळते असले तर विरजण मरते. विरजण अगदीच थोडे पडले तर सकाळीही दूध दूधच राहते. विरजण चांगल्या दह्याचे नसले तर दह्याला वास येतो. आणि दूध आधीच नासलेले असले तर कितीही उत्तम विरजण लावले तरी त्याचे दही होत नाही. हे चार नियम कोणत्याही पुस्तकात न वाचता गृहिणींना ठाऊक असतात.

औषधांच्या दुकानांतून हल्ली कुत्र्या-मांजरांसाठी ‘प्रोबायोटिक’ म्हणून पुड्या, गोळ्या आणि पेस्टच्या नळ्या विकल्या जातात. त्यांची निवड आणि वापर करताना हेच चार नियम लावावयाचे आहेत. कोणते, किती, जिवंत आहे काय, आणि मुळात या आजाराला ते चालेल काय, हे ते चार प्रश्न होत. त्यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण तो न विचारल्याने पिल्लांचे प्राण जातात.

प्रथम प्रोबायोटिक म्हणजे काय ते पाहू. कुत्र्याच्या व मांजराच्या आतड्यांत, माणसाप्रमाणेच, असंख्य जिवाणूंची वस्ती असते. न पचलेल्या अन्नांशावर ते जगतात, त्यापासून आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडणारी आम्ले तयार करतात आणि उपद्रवी जंतूंना सहजासहजी थारा मिळू देत नाहीत. अन्नात एकाएकी बदल झाला, शिळे कालवण किंवा माशांची घाण पोटात गेली, प्रतिजैविक औषधांचा मारा झाला, की ही घडी विस्कटते व जुलाब सुरू होतात. अशा वेळी बाहेरून उपकारक जिवाणू पुरवावेत, अशी यामागची कल्पना आहे.

ही कल्पना नवी नाही. १९०८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले शास्त्रज्ञ एली मेच्निकॉफ यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असताना आंबवलेल्या दुधातील जिवाणूंचा आरोग्याशी संबंध असल्याचे प्रतिपादन केले होते. पुढे २००१ साली संयुक्त राष्ट्रसंघाची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या निश्चित केली. सूक्ष्मजीव जिवंत असले पाहिजेत, ते पुरेशा प्रमाणात दिले गेले पाहिजेत आणि त्यांपासून आरोग्याला लाभ झाला पाहिजे, असा तिचा आशय आहे.

आता पहिला प्रश्न : कोणते? पाकिटावर केवळ ‘उपयुक्त जिवाणू’ असे मोघम लिहिलेले असेल तर ते पाकीट परत ठेवावे. जिवाणूंमध्ये वंश, जाती आणि त्याखाली वाण असतात. भाताचे नुसते ‘बियाणे’ असे सांगून शेतकऱ्याचे समाधान होत नाही; त्याला वाण कळावा लागतो. येथेही तसेच आहे. एन्टरोकॉकस फेशियम या एकाच जातीचे काही वाण रुग्णालयांतून कठीण संसर्ग घडवून आणतात, तर याच जातीचा एसएफ ६८ हा वाण कुत्र्या-मांजरांच्या पूरकांत वापरला जातो. आपल्याकडील अनेक पाकिटांवर ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनस’ हे नाव आढळते. हे जुने व शास्त्रदृष्ट्या चुकीचे नाव असून तो जिवाणू वस्तुतः बॅसिलस कोॲग्युलन्स होय. तो बीजाणूच्या रूपात राहत असल्याने उष्णता बरीच सोसतो, हा त्याचा गुण मात्र खरा आहे.

वाणाला महत्त्व का, हे प्रयोगांवरून दिसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निश्चित कारण न सापडलेल्या तीव्र जुलाबांच्या कुत्र्यांना बायफिडोबॅक्टेरियम ॲनिमॅलिसचा एएचसी ७ हा वाण देण्यात आला. तो न मिळालेली कुत्री सरासरी ६.६ दिवसांत बरी झाली, तर तो मिळालेली ३.९ दिवसांत. २०११ सालच्या दुसऱ्या अभ्यासात प्राण्यांच्या निवारागृहातील मांजरांना एसएफ ६८ दिल्यावर दोन किंवा अधिक दिवस चालणाऱ्या जुलाबांचे प्रमाण कमी झाले; कुत्र्यांमध्ये मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. एका वाणाचा गुण दुसऱ्याला चिकटवता येत नाही आणि कुत्र्याला लागू पडते ते मांजराला लागू पडेलच असेही नाही, हा यातील बोध आहे. लाभ होतो, पण तो माफक असतो, हेही यावरून ध्यानात यावे.

दुसरा प्रश्न : किती? जिवाणूंची संख्या पाकिटावर ‘सीएफयू’ या एककात दिलेली असते. १० चा ८ वा घात म्हणजे १० कोटी, आणि ९ वा घात म्हणजे १ अब्ज. हा आकडा एका पुडीचा आहे, एका ग्रॅमचा आहे की संपूर्ण डब्याचा, हे पाहावे. नुसता मोठा आकडा पाहून भुलू नये. ज्या वाणाचा, ज्या मात्रेत, त्या प्राण्यावर उपयोग दिसून आला आहे, तीच मात्रा योग्य होय.

तिसरा प्रश्न : जिवंत आहे काय? कारखान्यातून निघताना पुडीत असलेले जिवाणू दुकानाच्या तापलेल्या फळीवर तितकेच राहतीलच असे नाही. कॅनडात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत प्राण्यांसाठी विकली जाणारी २५ उत्पादने पाहण्यात आली. त्यांपैकी १५ उत्पादनांवर जिवंत जिवाणूंची निश्चित संख्या छापलेली होती. ती संख्या प्रत्यक्षात भरली केवळ ४ उत्पादनांत. म्हणून संख्या ‘उत्पादनाच्या वेळी’ सांगितली आहे की ‘मुदत संपेपर्यंत’ याची हमी आहे, हे वाचावे. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली माणसांच्या प्रोबायोटिक अन्नाविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वंश, जाती व वाण यांची नावे, मुदतीच्या अखेरीस उरणारी किमान जिवंत संख्या, द्यावयाची मात्रा आणि साठवणीची रीत वेष्टनावर असावी, असे त्यांत म्हटले आहे. ही तत्त्वे माणसांच्या अन्नासाठी असली, तरी प्राण्यांसाठी पाकीट निवडतानाही हीच फूटपट्टी हाती धरण्यास हरकत नाही.

घरी आणल्यावरही दक्षता हवी. आपल्या किनारपट्टीच्या पावसाळी दमट हवेत उघडी पुडी लवकर बिघडते. वेष्टनावर शीतकपाटात ठेवण्यास सांगितले असेल तर तेथेच ठेवावी. चुलीजवळच्या फळीवर किंवा खिडकीतल्या उन्हात कधीही ठेवू नये. भुकटी गरम भातात वा पेजेत कालवू नये. अन्न निवल्यावर, जनावर खाण्यास बसण्याच्या वेळीच ती मिसळावी. प्रतिजैविक औषध चालू असेल तर त्याच्या व पुडीच्या वेळेत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. नाही तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने मारल्यासारखे होते. पहिले एक-दोन दिवस पोटात वायू होण्याचा संभव असतो. त्रास वाढला तर पुडी बंद करावी. देणे थांबवल्यावर बहुतेक जिवाणू थोड्याच दिवसांत आतड्यातून निघून जातात. यास्तव दोन-तीन पुड्यांनी जन्माची सोय झाली, असे मानू नये.

दही चालेल काय, असा प्रश्न अनेक जण विचारतात. साधे, बिनसाखरेचे, ताजे दही मोठ्या कुत्र्याला चमचा-दोन चमचे दिल्याने सहसा अपाय होत नाही. परंतु घरच्या दह्यात कोणता वाण किती आहे हे ठाऊक नसते. म्हणून ते अन्न आहे, उपचार नव्हे. दुधाची गोष्ट वेगळी. मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हण जुनी आहे; पण पिल्लूपण सरल्यावर पुष्कळ मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि तेच जुलाबाचे कारण ठरते. अशा घरी प्रोबायोटिक आणण्यापूर्वी दुधाची वाटी उचलून पाहावी.

माणसांच्या गोळ्या प्राण्यांना देताना एक धोका विशेष लक्षात ठेवावा. चघळण्याच्या गोड गोळ्यांत झायलिटॉल नावाचा साखरेचा पर्याय असू शकतो. तो कुत्र्यांना विषारी आहे. त्याने रक्तातील साखर एकाएकी उतरते आणि यकृतालाही इजा पोहोचू शकते. तसेच अत्यंत अशक्त, किंवा रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या जनावराला कोणतेही जिवंत जिवाणू पशुवैद्यकाच्या संमतीवाचून देऊ नयेत.

आता चौथा प्रश्न. समजा, एखाद्या घरी तीन महिन्यांचे पिल्लू आहे. लस टोचलेली नाही. सकाळी त्याने अन्नाला तोंड लावले नाही, दुपारी उलट्या झाल्या, संध्याकाळी दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले. घरच्यांनी दही दिले. दुसऱ्या दिवशी कोणी तरी सांगितलेली पुडी आणली. तिसऱ्या दिवशी पिल्लू उठेनासे झाले, तेव्हा कोठे त्याला दवाखान्यात नेले. घरच्यांची माया कमी नव्हती. वेळ मात्र निघून गेली होती. हा बहुधा पार्व्हो विषाणूचा आजार असतो. १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू दोनच वर्षांत जगभर पसरला. उपचार न मिळाल्यास त्यातून फार थोडी पिल्ले वाचतात; शिरेतून द्रव देऊन वेळीच शुश्रूषा झाली तर बहुसंख्य वाचू शकतात. मांजरांतही याच कुळातील विषाणूचा असाच घातक आजार होतो. येथे पुडी म्हणजे नासलेल्या दुधाला लावलेले विरजण होय.

म्हणून पुढील लक्षणे दिसताच पुडीचा विचार बाजूला ठेवून थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा : जुलाबात रक्त, वारंवार उलट्या, ताप, मलूलपणा, पांढुरक्या हिरड्या, पोटफुगी, तसेच पिल्लाचे अथवा म्हाताऱ्या जनावराचे कसलेही जुलाब. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत बसत नसेल, तर शरीरातील पाणी घटले आहे असे समजावे. माणसांची जुलाब थांबविणारी औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. प्रतिजैविकांचीही घाई करू नये. कुत्र्यांच्या सौम्य व मध्यम जुलाबांत ती देऊ नयेत, अशी शिफारस युरोपातील तज्ज्ञांनी २०२४ साली केली आहे. खेळते-खाते मोठे कुत्रे असेल, जुलाब साधे असतील, तर स्वच्छ पाणी भरपूर, मऊ भात व बिनमसाल्याचे उकडलेले कोंबडीचे मांस थोडे थोडे, आणि सोबत हवे तर चांगले प्रोबायोटिक, एवढ्याने बहुधा भागते. दोन दिवसांत उतार न पडल्यास दवाखाना.

शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला विरजणाचा एक साधा प्रयोग अवश्य करावा. एका वाटीत कोमट दूध, दुसरीत कढत दूध. दोन्हींत सारखेच दही घालून दुसऱ्या दिवशी मुलांना पाहू द्यावे. जिवाणू जिवंत असणे म्हणजे काय, हे मग सांगावे लागणार नाही. ग्रामपंचायतींनी आपल्या सूचनाफलकावर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ व लसीकरणाचे वेळापत्रक लावावे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली लस, आणि नंतर ते सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुढील मात्रा द्यावयाच्या असतात. जंतनाशकही वेळच्या वेळी द्यावे लागते.

पशुपालकाकडे खर्चासाठी थोडेच पैसे असतील तर त्याने क्रम असा ठेवावा : आधी लस, मग जंतनाशक, मग स्वच्छ पाणी व ताजे अन्न, आणि सर्वांत शेवटी पुडी. विरजण चांगले असावे हे खरे; पण दूध नासू न देणे हे पहिले काम होय.