कोरडा दिवस कुणाच्या जिवावर?

(पाथर्डी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



पावसाळा आला की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचना लागते : 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.' म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवायची. सूचना चुकीची नाही. पण जिथे टँकर आठ-आठ दिवसांनी येतो, तिथल्या बाईने उरलेलं पाणी ओतून कसं द्यायचं?

आधी हा डास समजून घेऊ. डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रांजण, बॅरल, सिमेंटची टाकी, कूलर, अंगणात पडलेला टायर. मादी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. पाणी लागलं की अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं. हवा उबदार असली की डासाच्या अंगात रोगाचा विषाणूही लवकर वाढतो. हा डास चावतो दिवसा आणि राहतो घराच्या आसपास. दिवसभर घरात कोण असतं, ते मी सांगायला नको.

डेंग्यू फक्त पावसाचा आजार, असं आपण समजतो. आपल्या भागात तसं नाही. पाऊस पडला तर टायरात, करवंटीत पाणी साचतं. नाही पडला तर आपणच साठवतो. 1972, 2012-13, 2018-19 हे दुष्काळ आठवा. याच जिल्ह्याच्या उत्तरेला भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊस उभा राहतो आणि इकडे घराघरात बॅरलं. तपासणीत अळ्या सापडल्या की बोल लागतो घरच्या बाईला. तिला पाणी का साठवावं लागलं, हे कुणी विचारत नाही. दारोदार भांडी तपासत फिरणारी आशाताईसुद्धा बाईच, आणि तिलाही पुरता मोबदला नाही.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून काम उभं केलं. अक्षरओळख नसलेल्या बायाही तिथे गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. आजाराचं कारण समजलं की बाई नुसती सूचना पाळत नाही, प्रश्नही विचारते.

म्हणून घरात एवढं करू : भांड्यांवर घट्ट झाकण किंवा कापड बांधू, मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडू. पाणी संपत आलं, की टँकर यायच्या आधी भांडं घासू. आणि ते घासायला घरातल्या पुरुषांनाही बसवू. ताप आला तर ॲस्पिरिन, ब्रुफेन घेऊ नका. ताप उतरताना पोट दुखलं, उलट्या झाल्या, कुठून रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठा. गरोदर बाईने तर थांबूच नये. आपण दुखणं अंगावर काढतो, या आजारात ते जिवावर बेततं.

पण घरातल्या झाकणाने पाण्याचा प्रश्न झाकला जाऊ नये. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथे टँकरचं वेळापत्रक लेखी मागा. नळाला ठरल्या दिवशी पाणी आलं, तर साठवायला लागेलच कशाला? कोरडा दिवस आम्ही पाळू. पाण्याचा दिवस पंचायतीने पाळावा.