आपलं गाणं कधी म्हणणार?

रॉक संगीताचं नाव काढलं की आमच्या रोह्या-पेणकडची वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात. ‘काय तो गोंगाट!’ म्हणतात. मला याचं हसू येतं. रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघाली की ढोल-ताशांनी सगळं गाव दणाणतं. आमच्याकडच्या उरसात कव्वालाची पार्टी पहाटेपर्यंत टाळ्या पिटत बसते. मोठ्या आवाजाचं आम्हा कोकण्यांना वावडं असतं, तर आमचे सणच झाले नसते. म्हणून हार्ड रॉक प्रथम ऐकलं तेव्हा मी काही दचकलो नाही. ताशाच्या जागी ड्रम, गिटारचा आवाज विजेच्या जोरावर मुद्दाम खरखरीत केलेला आणि त्यावर वरच्या पट्टीत गाणारा गळा. एवढंच.

आज मी बोलणार आहे ते मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या बँडबद्दल. १९८४ साली हा बँड सुरू झाला. महेश तिनईकर, मार्क सेल्विन, जयेश गांधी ही त्यातली नावं. उदय बेनेगल हे गायक आणि झुबिन बालापोरिया हे कीबोर्डवादक पुढे त्यांना येऊन मिळाले. नावं वाचली तरी मुंबईच्या एखाद्या चाळीचं हजेरीपुस्तक उघडल्यासारखं वाटतं. त्या काळी आपल्याकडचे बँड बहुधा परदेशी बँडांची गाजलेली गाणी वाजवत. लोकांना तीच हवी असत. जितकी हुबेहूब नक्कल, तितक्या जास्त टाळ्या. रॉक मशीननेही सुरुवात तशीच केली. पण १९८८ साली त्यांनी ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली आणि १९९० साली ‘द सेकंड कमिंग’.

त्याच सुमारास मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं. धाटावच्या कारखान्यात नोकरीला असलेला एक मित्र मला मुंबईला घेऊन गेला. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. वर आभाळ, समोर रंगमंच. मी नुकताच बी.ए. झालेलो, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आजूबाजूला खांद्यापर्यंत केस वाढवलेली पोरं. पहिला ठोका पडला तो कानात नाही, बरगड्यांत वाजला. दोन गाण्यांच्या मध्ये प्रेक्षकांतून आरोळ्या येत होत्या, अमक्या इंग्लिश बँडचं गाणं वाजवा, तमक्याचं वाजवा. गायक हसला आणि त्याने स्वतःचंच गाणं सुरू केलं. थोडी कुजबुज झाली. पण दुसऱ्या कडव्यानंतर धृपद आलं, तेव्हा ती केसाळ पोरं ते तोंडपाठ म्हणत होती. इंग्रजी शब्द मला निम्मेच कळले. पण आरोळीला न बधता आपलं गाणं म्हणणं म्हणजे काय, ते पुरतं कळलं.

ते मला इतकं का भिडलं, तेही सांगतो. कविसंमेलनात मी दोन कविता वाचल्या की मागून प्रेमळ आवाज येतो, ‘खानसाहेब, आता एखादा उर्दू शेर होऊन जाऊ द्या!’ नावावरून माझी भाषा ठरलेली असते. उलट बिरादरीतले काही जण विचारतात, ‘भाई, मराठीत कशाला लिहितोस?’ दोघांच्याही मनात वाईट काही नसतं. पण माझी शाळा मराठी, माझ्या घरची बोली कोकणी, माझी पहिली ओळ मराठीत आली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ लिहिले, शाहीर अमर शेखांनी मराठी डफावर थाप मारली. त्यांना कोणी परके म्हटलं नाही. रॉक मशीनवाल्यांचीही अशीच दुहेरी कोंडी होती. रॉकचे शौकीन म्हणत, परदेशी गाणी वाजवा. बाकीचे म्हणत, हिंदुस्थानी माणसं इंग्रजीत का गाता?

पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलात तर साच्यातून निघालेल्या शेकडो मूर्ती एकसारख्या दिसतात. पण डोळ्यांची आखणी हाताने होते आणि तिथे प्रत्येक मूर्ती वेगळी होते. साच्याला नावं ठेवायचं कारण नाही, शिकायला साचा लागतोच. आखणी मात्र ज्याची त्याने करायची असते.

पुढे १९९३ साली बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. नावात सिंधू नदी आली, संगीतात भारतीय सूर मिसळले. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला त्याच वर्षी एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली नव्या नावाचा अल्बम आला. तोवर वाहिन्यांवर हिंदी पॉपची चलती सुरू झाली होती. १९९७ साली बँड फुटला. तेरा वर्षांनी, २०१० साली, मंडळी पुन्हा एकत्र आली आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम काढला. मधल्या काळात रंगभवनातले जलसे थांबले. शेजारी रुग्णालयं, कॉलेज. शांतता क्षेत्राचा नियम आला. नियम योग्यच आहे, तरी तिथून जाताना मला चुकल्यासारखं होतं.

हिशेब मांडला तर या बँडने सिनेमातल्या नटासारखा पैसा किंवा नाव मिळवलं नाही. पण आज गावोगावची पोरं स्वतःची गाणी रचतात, त्यांच्या आधी ही वाट कोणीतरी तुडवली होती. रोह्यातही आता गल्लीत एखादी गिटार वाजताना ऐकू येते. पोर कुणाची तरी नक्कल करत असतं. करू द्यावी. वर्षभराने मात्र त्याला जवळ बोलावून हळूच विचारावं, ‘बाळा, आपलं गाणं कधी म्हणणार?’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)