गाडीच्या टपावरचं सोलर पॅनेल
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आयटीतला माझा प्रवास' यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. त्यावर बोलू शकतील असे आपल्या तुकडीत अर्धा डझन तरी आहेत. म्हणून मी आमच्या गाडीच्या टपाबद्दल बोलते. त्यात भूगोलाच्या सरांचा मोठा हात आहे आणि ते समोर बसलेत, त्यामुळे चुकले तर लगेच कळेल.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी व्हॅन घेऊन तिची कॅम्पर व्हॅन केली. (कुणाच्या मनात असेल तर नोंदीत हा बदल कसा दाखवायचा ते आरटीओत आधी विचारा, पत्रे कापल्यावर नव्हे.) हे केलं आईसाठी. गॅदरिंगला आपल्या सगळ्या मुलींना नऊवारी नेसवायला यायची, तीच माझी आई. तिला फिरायची हौस फार, पण रोज इन्सुलिन लागतं. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. लॉजवर रात्री वीज गेली, फ्रीज बंद पडला, असं दोनदा झाल्यावर ती म्हणाली, "राहू दे गं आता, तुम्ही जा." ते मला सहन झालं नाही.

गाडीत १२ व्होल्टचा फ्रीज, लिथियमची बॅटरी आणि टपावर २०० वॉटचं एकच पॅनेल बसवलं. दुसऱ्याला जागा नव्हती. पंखा आणि सामानाचं कॅरिअर आड येत होतं. फ्रीज दिवसाला साधारण ४०० वॉट-तास खातो, माझा लॅपटॉप अडीचशे, दिवे-पंखा-फोन मिळून शंभर. म्हणजे रोज साडेसातशे. उन्हाळ्यात हे सहज जमायचं. डिसेंबरात कच्छला गेलो तेव्हा दिवसाकाठी सहाशेच जमा व्हायला लागले. आकाश निरभ्र, ऊन कडक, तरी बॅटरी रोज थोडी थोडी उतरत होती.

तिथे मला सरांची काठी आठवली. आठवतेय? मैदानात एक मीटरची काठी रोवून आपण दुपारी सावली मोजायचो. डिसेंबरअखेरीस साताऱ्यात ती ८७ सेंटीमीटर भरते. आणि घड्याळात बारा वाजता नाही, तर साडेबाराच्या पुढे सगळ्यात आखूड होते, कारण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं. मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा आडवं पॅनेल उत्तम. पण धोलावीराला, जवळजवळ २४ अक्षांशावर, डिसेंबरात भर मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून ४३ अंशांवरच असतो. आडव्या पॅनेलवर थेट उन्हाचा एक तृतीयांश भाग तिथेच वाया जातो, सकाळ-संध्याकाळी त्याहून जास्त. पॅनेल दक्षिणेकडे कलवायला हवं होतं.

परत आल्यावर मी काय केलं असेल? सॉफ्टवेअरवालीच मी. मोटरवर चालणारी दांडी, सूर्याचा कोन काढणारा प्रोग्राम, मिनिटामिनिटाला पॅनेल आपोआप वळणार. भोसरीतल्या वर्कशॉपमधल्या काकांना आराखडा दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "ताई, दहा अंश चुकलं तर किती नुकसान?" मी कोसाइन काढला. दीड टक्का! वीस अंश चुकलं तरी सहा टक्के. काका म्हणाले, "मग मोटर कशाला? तीन भोकं पाडतो."

तसंच केलं. पॅनेल टपावर आडवं, म्हणजे लांब कडा गाडीच्या रुंदीला समांतर. चारही कोपऱ्यांना बिजागरी आणि काढता येणारी पिन. मागच्या दोन पिना ठेवून पुढच्या काढल्या की पॅनेल मागे बघतं, उलट केलं की पुढे. त्यामुळे गाडीचं तोंड उत्तरेला असो वा दक्षिणेला, चालतं. टेकूच्या दांड्यांना २०, ३५ आणि ५० अंशांची भोकं. पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेप, बोल्टभोवती सीलंट, खाली नायलॉकचे नट. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेसच्या मध्ये नायलॉनचे वॉशर, नाहीतर कोकणच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम खाल्लं जातं. वायर बिजागरीपाशी मोकळी सोडलेली, कारण रोज दुमडून ती तिथेच तुटते. एक पिशवीभर सामान आणि दोन रविवार.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा धोलावीरा. तिसरं भोक. मीटरवर साडेआठशे! आई फ्रीजचं दार उघडून पेनं मोजायची आणि मला अंगठा दाखवायची.

पण मोटर गेली तरी माझी खुमखुमी गेली नव्हती. पॅनेलला मी एक सेन्सर चिकटवला होता: पॅनेल वर असताना गाडी हलली तर फोनवर गजर. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायची घाई. मला वाटलं, ह्यांनी पॅनेल मिटलं. ह्यांना वाटलं, मी. गजर वाजला नाही, म्हणजे सगळं ठीक. रणातून खावड्याकडे जाणारा तो सरळ रस्ता, दोन्हीकडे पांढरं मीठ. आई मागून म्हणाली, "अगं, वर काहीतरी वाजतंय." मी म्हटलं, "वारा आहे, आई."

मग एक मोटरसायकल शेजारी आली. चालवणारा हात वर करून टपाकडे दाखवत होता. मागे त्याची बायको, पुढे टाकीवर लहान मुलगा. ते इतका वेळ आमच्या मागेच होते.

गाडी थांबवून मी शिडी चढले. पॅनेलची पुढची कड दीड फूट वर, वारा सरळ खालून शिरत होता. एका टेकूची पिन वाकून निम्मी बाहेर आली होती. नंतर गणित केलं: ताशी ६० किलोमीटरला त्या पॅनेलवर वीसेक किलोचा जोर येतो, आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट. पॅनेलचं स्वतःचं वजन बारा किलो, त्यात काच. सुटलं असतं तर ते मागेच गेलं असतं.

फोनने बॅटरी वाचवायला माझं अॅप रात्रीच झोपवलं होतं. फोन असं करतात हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पगारच मिळतो मला त्याचा. पण गजर नाही म्हणजे धोका नाही, असं मी धरून चालले होते, आणि आई सांगत होती तेही ऐकलं नाही. त्या माणसाला मी धन्यवाद दिले. तो हसून "ध्यान राखजो, बेन" म्हणाला आणि गेला. माझे हात बराच वेळ थरथरत होते. त्या दिवशी पुढे गाडी ह्यांनीच हळूहळू चालवली.

सेन्सर मी त्याच संध्याकाळी उपटून टाकला. पुण्याला आल्यावर काकांकडून टेकूच्या दांडीला एक हुक जोडून घेतला. आता पॅनेल वर केलं की गाडीची किल्ली त्या हुकाला लटकते. फ्रीजची बॅटरी वेगळी, त्याला किल्ली लागत नाही. दुसरी किल्ली घरी कपाटात. पॅनेल मिटून पिना लावल्याशिवाय किल्ली खाली आणायची नाही, आणि पिना लावल्या की आई खालून मोठ्याने मोजून घेते: एक, दोन, तीन, चार.

गाडी आज मैदानाच्या कडेला उन्हात उभी आहे, तोंड उत्तरेला, पॅनेल तिसऱ्या भोकात. साडेबारानंतर सरांनी काठी आणली तर सावली मोजू. फक्त जेवणाच्या टेंपोला वाट द्यायला ती हलवा म्हणालात, तर पाच मिनिटं आधी सांगा. किल्ली वर आहे.