महर्षी कर्वे आणि बाया

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चार माणसांत उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. मी पुष्कळ नाही म्हटले. पण "तुमच्या घरी मास्तरांचे पुस्तकांचे कपाट आहे, तुम्हीच बोलायचे" असा आपण आग्रह धरलात. तेव्हा त्या कपाटातलेच थोडे सांगते. चुकले माकले तर पदरात घ्या.

आमचे मामंजी आयुष्यभर शाळामास्तर होते, हे वालुरात सर्वांना ठाऊकच आहे. आषाढीची वारी त्यांनी अंगात बळ होते तोवर चुकविली नाही. वर्गात एखादा पोर नापास होऊन रडू लागला की ते त्याला धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगत. कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा. 1875 साली परीक्षेला बसायचे म्हणून पावसापाण्यातून घाट चढून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला गेला. चण लहान. परीक्षकांनी पाहिले आणि तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परत पाठविले. आल्या वाटेने पुन्हा तितकेच चालणे! पण त्याने शिक्षणाचा नाद सोडला नाही. 1881 साली मॅट्रिक झाला, 1884 साली बी. ए. झाला, मुंबईच्या शाळांतून शिकवू लागला आणि 1891 साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला.

त्याच साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. मागे लहानगा रघुनाथ. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असे कर्व्यांनी ठरविले आणि 11 मार्च 1893 रोजी तसे केले. मुरूडच्या लोकांनी बहिष्कार घातला. आईला पोटचा लेक घरात घेण्याची चोरी झाली. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि चिखल तुडवीत हिंगण्याला चालत जायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. मामंजी म्हणतात, "आमची वारी वर्षातून एकदा, अण्णांची रोजची." कर्व्यांना सगळे अण्णा म्हणत.

1914 साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. आपल्याकडे पेन्शन झाली की माणूस पारावर बसतो. यांनी 1916 साली बायकांचे विद्यापीठ काढले! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे 1936 साली, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापिले. 1958 साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी देह ठेवला तेव्हा वय एकशे चार होते.

एवढे सांगून मी खाली बसले असते तरी आपण टाळ्या वाजविल्या असत्या. पण दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

आत्याबाईंना मोतीबिंदूमुळे दिसेनासे झाले होते. दुपारी निवडण-टिपण करताना मी त्यांना काही वाचून दाखवीत असे. कपाटात 'माझे पुराण' सापडले. ते कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे आत्मचरित्र, 1944 साली प्रसिद्ध झालेले. घरात त्यांना बाया म्हणत. माहेरच्या त्या गोदूबाई, देवरुखच्या. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाल्या, वय वर्षे आठ! पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि मग कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. आता गंमत पाहा. आश्रम विधवांचा, पण बायांनी पुनर्विवाह केलेला. त्या तेथे राहिल्या तर लोक मुली पाठवायचे नाहीत, म्हणून प्रारंभी त्यांनाच तेथून दूर राहावे लागले. साठविलेले पैसे अण्णांनी आश्रमाला दिले, पुढे विम्याची पॉलिसीही दिली.

मी इथवर आले आणि आत्याबाईंचा सुपातला हात थांबला. "आणि घरात पीठ होतं का गं?" त्या म्हणाल्या.

भगिनींनो, थोरांच्या चरित्रात हा प्रश्न कोणी विचारीत नाही. अण्णा लहान झाले असे माझे म्हणणे नाही. ते नसते तर माझ्यासारखीला सातवीसुद्धा लाभली असती की नाही, देव जाणे. पण त्याग एकाने करावा आणि त्याचा निम्मा भार न विचारता दुसरीच्या डोक्यावर जावा, हे मात्र मला पटत नाही. बायांचे मोठेपण हे की त्या चिडल्या, बोलल्या, आणि तरी आश्रमाच्या वर्गणीसाठी स्वतः दारोदार फिरल्या. शिवाय ते सगळे लिहूनही ठेवले. गप्प बसून सोसण्याची आपल्याला फार सवय, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मामंजी ओट्यावर जप करीत होते. त्यांच्या माळेचा आवाज बंद झाला, पण बोलले काही नाहीत.

आमच्या घरी पेन्शन आली की आधी दिंडीच्या अन्नदानाचे पैसे बाजूला निघत, उरेल ते घरात येई. आत्याबाईंच्या डोळ्याचे "पुढल्या महिन्यात पाहू" असे तीन वर्षे चालले होते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. देवाचे आधी, एवढेच. पुढच्या महिन्यात मामंजींनी सगळ्या नोटा आत्याबाईंच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाले, "आता तूच वाटणी कर."

आत्याबाईंनी चाचपून चाचपून नोटा मोजल्या. दिंडीचे आधी काढले, होते तितकेच, एक रुपया कमी केला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परभणीला डॉक्टरकडे कधी जायचं ते बघ."

ऑपरेशन चांगले झाले. आता 'माझे पुराण' त्या स्वतः वाचतात. चौथीपर्यंतच शिकलेल्या, एखादे जोडाक्षर अडले की तेवढे मला विचारतात.