जुनी कवाडे आणि नवा संसार
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा माझा विषय आहे जुने लाकूड. शिवण-टिपण आणि पाककृती सोडून ही बाई सुतारकामाकडे कशी वळली, असे काहींना वाटेल. पण संसारात लाकडाशी आपला जितका संबंध येतो तितका सुताराचाही येत नसेल. पाळण्यापासून पाटापर्यंत सारे आपल्याच हाताखालचे!

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण नागझिरा आणि नवेगावचे रान त्याच्या कितीतरी आधीचे. या रानातले सागवान, बिजा, ऐन आणि धावडा आपल्या वाडवडिलांच्या घरांत मयाली, खांब आणि चौकटी होऊन उभे राहिले. आता ती मातीची घरे उतरवली जात आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुले झाली, कुठे भावाभावांत वाटण्या झाल्या. पक्के घर हवेच. गळक्या कवेलूंखाली पातेली मांडत ज्यांनी पावसाळे काढले, त्यांना ते मी सांगायला नको.

परंतु भिंती पाडल्या की लाकूड अंगणात येऊन पडते, आणि आठ दिवसांच्या आत कोणीतरी ते जळाऊ म्हणून तोलून घेऊन जातो. माझ्या माहेरी हेच झाले. ज्या उंबरठ्यावर आईने पन्नास वर्षे हळदकुंकू वाहिले, तो उचलताना तिला कोणी एका शब्दाने विचारले नाही. पुरुषमंडळी वाईट नव्हती. ती विटा-सिमेंटच्या गडबडीत होती. आई काही बोलली नाही. बोलायला हिशेब लागतो, आणि तो तिच्याजवळ नव्हता. तो आपल्याजवळ असावा, एवढ्यासाठीच मी आज उभी आहे.

जळाऊ लाकूड वजनावर विकतात, इमारती लाकूड घनफुटावर. लांबी फुटांत घ्यावी, रुंदी आणि जाडी इंचांत. तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागावे. सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड इंच जाड असे भरीव कवाड असेल, तर ६ गुणिले ३६ गुणिले दीड म्हणजे ३२४. त्याला १४४ ने भागले की सव्वादोन घनफूट. सागाचे असेल तर त्याचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरेल. आता चाळीस किलो सरपणाचा भाव आणि सव्वादोन घनफूट सागवानाचा भाव, दोन्ही बाजारात विचारून पाहा, आणि मग कवाड द्यायचे की ठेवायचे ते ठरवा.

ठेवायचे तर पारखून ठेवावे. जाड सुई टोचून पाहावी; भसकन आत गेली तर तो भाग कुजला आहे. छिद्रे दिसली म्हणून घाबरू नये. पण छिद्राखाली ताजे पीठ पडत असेल तर किडा अजून आत आहे, ते लाकूड घरात घेऊ नये. सागाचा गाभा उधईला सहसा दाद देत नाही, बाहेरचा पांढरट भाग मात्र ती खाते. बिजा मजबूत खरा, पण ओला झाला की डाग सोडतो. त्यावर ओले कपडे ठेवू नयेत. करवतीखाली घालण्यापूर्वी खिळा न् खिळा उपसून काढावा, कारण लपलेल्या खिळ्याने पाते बिघडते आणि मग आरागिरणीवाला पुन्हा उभे करीत नाही.

घरकुल म्हणजे किमान २५ चौरस मीटर, सुमारे २७० चौरस फुटांचा संसार. तेथे शोभेच्या वस्तूला जागा नाही. आमच्या घरी वाचलेल्या एका मयालीचे सपरीत बाक झाले. त्याखाली धानाची पोती राहतात. कवाडाच्या एका फळीचे स्वयंपाकघरात फडताळ झाले, दुसरीचे मुलांच्या अभ्यासाचे बैठे मेज. खिडकीच्या चौकटीत आरसा बसवला. सुतारभाऊंनी जुनी कडी तशीच ठेवली, ती मला फार आवडते.

आता तीन धोक्यांच्या गोष्टी. पहिली रंगाची. जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांत शिसे दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा धरू नये. तो कोरडा घासू नये, जाळू नये, चुलीत तर मुळीच घालू नये. पाणी मारून, अंगणात, तोंडाला फडके बांधून काढावा आणि खरवड गोळा करून दूर ठेवावी. लहान मुले व गरोदर सून यांना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नये.

दुसरी गोष्ट रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. असे स्लीपर कोठे मिळाले तर मोह होतो; पण पुष्कळ स्लीपरांत डांबरी तेल मुरवलेले असते आणि ते अंगाला बाधते. काळपट, उग्र वासाचे लाकूड जेवणाच्या मेजाला किंवा पाळण्याला वापरू नये.

तिसरी गोष्ट जवसाच्या तेलाची. लाकडाला त्याच्यासारखी झळाळी दुसरी नाही. पातळ हात द्यावा आणि वाळायला काही दिवस द्यावेत. पण तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी.

विकत घेताना आणखी एक पथ्य. जुने म्हणून दाखवलेले लाकूड आतून ओले निघाले, त्यावर खिळ्यांच्या किंवा सांध्यांच्या खुणा नसल्या, तर हात आखडावा. रानातल्या चोरीचा सागही जुना म्हणून खपवला जातो. कोणत्या घरचे ते विचारावे, पावती घ्यावी, आणि लांबून आणायचे तर परवान्याची चौकशी वनविभागात आधी करावी.

शेवटी आंदणाविषयी. मुलीच्या लग्नात कर्ज काढून दिलेले भुशाच्या फळ्यांचे कपाट दोनतीन पावसाळ्यांत फुगते, आणि हप्ते मात्र तसेच उरतात. त्यापेक्षा आजीच्या कवाडाची एक पेटी मुलीच्या नावाने करून ठेवा. कोणी हसले तर हसू द्या. ती पेटी तिच्या मुलीलाही पुरेल.

या वर्षी आपल्या वस्तीत ज्या ज्या घराच्या भिंती उतरतील, तेथे गाडी भरण्यापूर्वी आपल्यापैकी कोणीतरी टेप घेऊन जावे आणि त्या घरच्या बाईला बोलावून तिच्यासमोर लाकूड मोजावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.