परळीची चिमणी आणि गोदावरीचं पाणी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जेवणानंतरची वेळ आहे. ज्यांना डुलकी लागेल त्यांनी खुशाल घ्यावी, वर्गातही घेतच होतो. मी तीस वर्षं औष्णिक वीजकेंद्रांत काढली, म्हणून 'हवामान आणि वीज' हा विषय माझ्या गळ्यात पडला. साऱ्या जगाचं सांगत बसत नाही. आपल्या शेजारच्या परळीचं सांगतो.

औष्णिक केंद्र कोळशावर चालतं, हे अर्धंच खरं. कोळसा जाळून पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते. पण नंतर त्या वाफेचं परत पाणी करावं लागतं आणि त्यासाठी थंड पाणी लागतं. सर, तुम्ही उष्णतेचा धडा शिकवताना सांगितलं होतं, की सगळ्या उष्णतेचं काम होत नाही. आमच्याकडे ढोबळमानाने एक तृतीयांशाची वीज होते. उरलेली बहुतेक उष्णता हे पाणी वाहून नेतं. कूलिंग टॉवरवर जे पांढरे ढग दिसतात, त्यांना गावकरी धूर म्हणतात. तो धूर नव्हे, ते नदीचं पाणी उडून चाललेलं असतं.

किती उडतं? सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांना मर्यादा घातली, एका युनिटमागे साडेतीन लिटर. परळीची क्षमता ११३० मेगावॉट धरली आणि केंद्र दिवसभर पूर्ण भाराने चाललं, तर या हिशेबाने रोज साधारण साडेनऊ कोटी लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती सगळ्यांना आठवत असेल. पुढे तिला ५० वाघिणी जोडल्या, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. तशा ३८ गाड्या रोज आणल्या, तर परळी चालेल!

हे पाणी यायचं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून, आणि बंधारा आटला की माजलगाव धरणाकडे बघायचं. फेब्रुवारी २०१३ मध्ये दोन्हीकडे पाणी नव्हतं. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं धडधाकट होती, तरी केंद्र बंद पडलं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच.

तेव्हा पाण्यावर तीन हक्क सांगितले जात होते. पिण्याचं, शेतीचं आणि विजेचं. पिण्याचं पहिलं, यात वाद नाही, केंद्र बंद ठेवलं ते बरोबरच केलं. पण बंद केंद्राची झळ कायम नोकरीवाल्याला फारशी लागत नाही. त्याचा पगार चालू राहतो. लागते ती कंत्राटी मजुराला, राख वाहणाऱ्या ट्रकवाल्याला, गेटसमोरच्या चहाच्या टपरीला. आणि यांतले कितीतरी जण शेत पिकलं नाही म्हणूनच तिथे कामाला आलेले. एकाच दुष्काळाने त्यांना दोनदा गाठलं.

शिवाय दुष्काळात विजेची गरज कमी होत नाही, वाढते. बोअरमधलं पाणी खोल गेलं की पंप जास्त वेळ चालतो, घरोघरी कूलर लागतात. आणि नेमकं तेव्हाच, पाणी असलं तरी ते कोमट असतं. मग वाफ नीट थंड होत नाही, टर्बाइनचा दाब बिघडतो, तेवढ्याच कोळशात वीज कमी मिळते. आम्ही कंट्रोल रूममध्ये मे महिन्यात आकडे घसरताना बघायचो, आणि बाहेर मागणी चढत असायची.

पाऊस जास्त झाला तरी सुख नाही. २०२१ च्या पावसाळ्यात कोळशाच्या खाणींच्या भागात जोरदार पाऊस झाला, खाणींत पाणी साचलं. देशात कोळशाची टंचाई झाली, त्याचं ते एक मोठं कारण होतं.

मग सौर पॅनेल? हो, मी त्याच बाजूचा आहे. त्याला धुण्यापुरतं पाणी पुरतं. पण विकणारा सांगत नाही ते ऐका. पॅनेलला ऊन आवडतं, उष्णता आवडत नाही. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. आपल्याकडे मे महिन्यात पॅनेलची काच ६० अंशांवर जाते. म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या.

औष्णिक केंद्रं एका दिवसात बंद होणार नाहीत. रात्री दिवा लागायला अजून तीच लागतात. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: त्यांना नदीचं नव्हे, शहराचं वापरलेलं पाणी द्यावं. नागपूरला हे झालंय. भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या केंद्राला जातं. मराठवाड्यात अशी भाषा बोलली की लोक नाक मुरडतात. मुरडू देत. कूलिंग टॉवरला वास येत नाही.

चहा आलेला दिसतोय. मघाशी दोघा-तिघांनी शेतातल्या सौर पंपाबद्दल विचारलं, त्यांनी मागच्या बाकावर या. येताना विहिरीची खोली आणि उन्हाळ्यातली पाण्याची पातळी तेवढी आठवून ठेवा, त्यावरच पंप किती अश्वशक्तीचा घ्यायचा ते ठरतं.